मैदानाची वही: छोट्या गावातल्या बागेच्या कामाच्या नोंदी

6 नोव्हेंबर

जागा आज ताब्यात आली. ताब्यात म्हणजे काय, तर टेप, सुतळीचा गुंडा आणि चार खुंट्या घेऊन गवंडीकाका आणि मी तिथे गेलो. लांबी 70 मीटर, रुंदी 48. पाऊण एकराला थोडी जास्त. वायव्य कोपऱ्यात जुना कडुनिंब, त्याखाली मोडका कट्टा. मध्येच दोन लोखंडी खांब उभे आहेत, कधीकाळच्या झोक्याचे. आडवा पाइप कुणी नेला ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच सांगत नाही.

संध्याकाळी बागेच्या समितीची बैठक. यादी आधीच तयार होती: घसरगुंडी, झोके, सी-सॉ, व्यायामाची यंत्रं, गावाच्या नावाची रंगीत अक्षरं. मी म्हटलं, दोन आठवडे काही आणायचं नाही, नुसतं बघायचं. "बघायचं काय तिथं? मोकळी तर जागा आहे," एक काका म्हणाले. मी म्हटलं, मोकळी आहे का, तेच बघायचंय.

हसले सगळे. पण दोन आठवडे मिळाले.

9 नोव्हेंबर

मोजणी सुरू. सकाळी 7, दुपारी 1, संध्याकाळी 6; प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं. वहीत रकाने पाडलेत: लहान मुलं, मोठी पोरं, मोठ्या पोरी, बाया, पुरुष, म्हातारी माणसं. शेजारी दुसऱ्या पानावर मैदानाचा कच्चा नकाशा, त्यावर कोण कुठे उभं होतं त्याचे ठिपके.

पहिल्याच दिवशी कळलं की पायवाट आहे. रस्त्याच्या बाजूने शिरून कडुनिंबाखालून मागच्या वाडीकडे जाते, तिरकी. गवत घासून घासून पांढरी पडलीय. यादीत रंगीत अक्षरं होती ती बरोबर त्या वाटेवर.

22 नोव्हेंबर

चौदा दिवस झाले. संध्याकाळी सहाला सरासरी वीस-बावीस पोरं, बॅट-बॉल. जागेचा जवळजवळ नव्वद टक्के भाग त्यांचा. लहान मुलं कडेला, मातीत. पुरुष कट्ट्यावर. सकाळी चार-पाच माणसं चालायला येतात, त्यात दोन बाया. बाकीच्या बाया रस्त्याने चालतात. गाड्यांच्या अंगावरून चालणं त्यांना मैदानात चालण्यापेक्षा बरं वाटतं, ही गोष्ट मला तीन दिवस खटकत राहिली.

मोठ्या पोरींचा रकाना: 0, 0, 0, 0, 2, 0... ते दोन आकडेही वाडीकडे जाताना वाटेवर सापडलेले. थांबलेल्या नव्हेत.

हे आमच्याच गावाचं दुखणं आहे असं नाही. व्हिएन्नात 1990च्या दशकात बागांमधली मुलं मोजली तेव्हा दिसलं होतं की साधारण नऊ वर्षांनंतर मुली बागेत दिसेनाशा होतात आणि मुलगे दिसत राहतात. मुलींना खेळायचं नसतं असं नव्हतं. जागेसाठी मुलग्यांशी भांडावं लागलं की त्या निघून जात. मग 1999 मध्ये तिथल्या पाचव्या वॉर्डातल्या दोन बागा बदलल्या: पायवाटा वाढवल्या, मोठं मोकळं अंगण झाडोऱ्याने तोडून लहान लहान भाग केले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली. मुली परत दिसायला लागल्या. दिव्यांचा झगमगाट नाही, महागडी यंत्रं नाहीत. नुसती जागेची वाटणी.

बैठकीत मी हे वाचून दाखवलं. एक जण म्हणाले, "ते तिकडचं." मग मी आमचा रकाना वाचून दाखवला.

27 नोव्हेंबर

शाळेच्या व्हरांड्यात खडूने मैदान काढलं, सहा फूट लांब. आठवी-नववीच्या मुलींना म्हटलं, तुम्ही कुठे बसाल तिथे खडा ठेवा. मास्तरांना मी विनंती करून बाहेर पाठवलं. ते समजूतदार, गेले.

दहा मिनिटं कुणी हललं नाही. मग एकीने खडा ठेवला, नकाशाच्या बाहेर. म्हणाली, "ताई, आत शिरायला एकच वाट, आणि तिथं पोरं उभी असतात. परत यायचं तर तिथूनच." दुसरी म्हणाली, आम्हाला झोका पाहिजे, पण लहान पोरांचा नको, त्यात बसता येत नाही. तिसरी म्हणाली, नेट लावाल का. चौथी बराच वेळ गप्प होती, उठताना म्हणाली, "तिथं जायचं तर जावं, पण संडास कुठंय?"

वहीत लिहून ठेवते, क्रमाने: दुसरं प्रवेशद्वार. बसायची जागा, जिथून सगळं दिसतं पण आपण मधोमध दिसत नाही. मोठ्यांचे झोके. नेट. स्वच्छतागृह, दार आतून लागणारं. खेळण्यांची यादी याच्या नंतर.

2 डिसेंबर

लेव्हल घेतली, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजला. पाण्याची पारदर्शक नळी, एक टोक काकांकडे, एक माझ्याकडे, मध्ये चाळीस वेळा "धर, धर, सोड". नळीत एक बुडबुडा अडकला होता, त्याने सकाळचा तास खाल्ला. बुडबुडा असला की दोन्ही टोकांची पातळी खोटी बोलते. काका म्हणाले, नळी उन्हात ठेवून पाणी हळूहळू भरायचं, घाई करायची नाही.

निष्कर्ष: मैदान ताटासारखं दिसतं पण वाटीसारखं आहे. मध्यभाग कडेपेक्षा 20 सेंटिमीटर खाली. रस्त्याच्या बाजूने आत उतरायला 30 सेंटिमीटरचा उतार. नैर्ऋत्य कोपरा सगळ्यात खोल आणि त्याच्या पलीकडे ओघळ. म्हणजे पाणी जायला तयार आहे, आपणच त्याला वाट देत नाही.

मग पाणी मुरण्याची परीक्षा. फूटभर खोल खड्डा, पाण्याने भरला. पहिलं भरणं धरायचं नाही, कोरडी माती पिते. दुसरं भरून काठीवर खूण केली. एका तासात पाणी 2 सेंटिमीटर उतरलं. चिकणमाती. शोषखड्ड्यांची जी कल्पना बैठकीत सगळ्यांना फार आवडली होती ती इथे चालणार नाही. पाणी वरूनच, उताराने बाहेर काढायचं.

3 डिसेंबर

काकांनी विचारलं, एवढं पाणी-पाणी कशाला करताय? दाखवायला नेलं. जुन्या खांबाच्या बुंध्याशी माती उकरली. जमिनीवर खांब ठणठणीत. जमिनीखाली चार बोटं, जिथे पाणी साचत होतं तिथे, नखाने पापुद्रे निघाले. खांब हलवला तर मुळासकट वाकला. काका पुढे काही बोलले नाहीत.

11 डिसेंबर

फक्की मारली, म्हणजे चुन्याच्या भुकटीने जागा आखली. काटकोन काढायला 3-4-5: एका बाजूला 3 मीटर, दुसरीला 4, तिरकी सुतळी बरोबर 5 आली की कोन खरा. गुनिया एवढ्या मोठ्या जागेला पुरत नाही.

व्हॉलीबॉलचं अंगण 18 बाय 9. पण चारी बाजूंनी किमान 3 मीटर मोकळं सोडायचं म्हणजे प्रत्यक्षात 24 बाय 15 जातं. लांबी उत्तर-दक्षिण ठेवली. पूर्व-पश्चिम ठेवली की संध्याकाळी एका बाजूच्या खेळाडूंच्या डोळ्यांत सूर्य. नेटच्या खांबाला दोन उंचींची छिद्रं: 2.43 आणि 2.24, पुरुषांसाठी आणि मुलींसाठी. हे अंगण कबड्डीलाही वापरता येईल, तिला 13 बाय 10 लागतं, मुलींना 12 बाय 8.

झोका सगळ्यात जागाखाऊ निघाला. अमेरिकेतला नियम असा की ज्या पाइपाला झोका टांगलाय त्याच्या उंचीच्या दुप्पट जागा पुढे आणि तेवढीच मागे मोकळी हवी. पाइप 2.4 मीटरवर, म्हणजे पुढे 4.8, मागे 4.8. दोन झोक्यांसाठी जवळपास 10 मीटर लांबीचा पट्टा, ज्यातून कुणी पळत जाऊ नये. फक्कीने तो आखला तर बरोबर पायवाटेवर आला. झोका सरकवला. पायवाट सरकवायची नाही, असं मी पहिल्याच दिवशी ठरवलंय. लोकांनी वीस वर्षं पायांनी काढलेली रेष आपण एका सकाळी चुन्याने पुसायची नाही.

पोरांचा संप. "आमची पिच?" पिच आम्ही फिरवून पूर्वेकडे दिली, लांबीला हात लावला नाही, रुंदी कमी झाली. मोठा फटका आता कुंपणाबाहेर जाईल अशी त्यांची तक्रार. खरी आहे. तिथे जाळी लावायची असं लिहून घेतलं आणि त्यांच्यातल्या मोठ्याला वहीत सही करायला लावली. त्याने सहीखाली "जाळी लवकर" असंही लिहिलं.

19 डिसेंबर

आज वाईट दिवस. मध्यभाग भरायला माती आली आणि मी दुपारी दोन तास नव्हते. परत आले तर यंत्रवाल्याने उरलेली माती कडुनिंबाभोवती पसरवलेली, बुंध्यापर्यंत, फूटभर. छान सपाट केली होती, त्याला वाटलं मी खूश होईन.

झाडाची अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात आणि त्यांना हवा लागते. वर एवढी चिकणमाती चढली की ती गुदमरतात. झाड लगेच मरत नाही, हीच फसवणूक आहे; दोन-तीन वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागतं आणि तोवर कारण कुणाच्या लक्षात राहत नाही.

रात्री आठपर्यंत फावड्याने माती काढली. यंत्र लावायचं नाही, त्याचं वजनच माती दाबतं. यंत्रवालाही थांबला, न सांगता. फांद्यांच्या टोकापर्यंत जेवढी सावली पडते तेवढा गोल आखून त्यावर लाल सुतळी बांधली: याच्या आत चाक नाही, खड्डा नाही, ढीग नाही.

20 डिसेंबर

कट्टा त्या गोलातच येतो. नवा पाया खणायचा नाही. जुनेच दगड जागेवर परत बसवायचे, मुळांच्या मधून.

4 जानेवारी

चालण्याची वाट. 60 बाय 40चा फेरा, म्हणजे 200 मीटर. पाच फेऱ्यांत एक किलोमीटर, हिशेबाला सोपं. रुंदी दीड मीटर. दाबून 10 सेंटिमीटर मुरूम म्हणजे 30 घनमीटर. सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून तीस टक्के जास्त धरून 39. साधारण 14 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). वाटेला एका बाजूला 2 टक्के ढाळ, दीड मीटरला 3 सेंटिमीटर. डोळ्याला दिसत नाही, पाण्याला दिसतो.

फरशी का नाही, असं चार जणांनी विचारलं. फरशी ओली झाली की घसरते, तापली की भाजते, एक उखडली की ठेच. मुरूम पायाला बरा आणि दरवर्षी घमेलंभर टाकून दुरुस्त होतो.

9 जानेवारी

रस्त्याकडून उतरायचा रॅम्प. फरक 30 सेंटिमीटर. 1:12च्या उताराने 3.6 मीटरमध्ये बसला असता, आणि काकांना तेवढाच करायचा होता. आम्ही 1:20ने 6 मीटर केला. जागा आहे तर वापरू. गावात चाकाची खुर्ची वापरणारा एक मुलगा आहे, त्याच्या आईला बोलावून विचारलं. ती म्हणाली, बाराला एक मी ढकलते, पण वीसाला एक तो स्वतः चढेल.

दुसरं प्रवेशद्वार वाडीच्या बाजूला. दोन मीटरचं, फाटक नाही. मोटरसायकल शिरू नये म्हणून मध्ये एकच खांब, दोन्हीकडे 95 सेंटिमीटर मोकळे. खुर्ची जाते. मोटरसायकलही जाते, पण चालवणाऱ्याला उतरावं लागतं, आणि उतरायचा कंटाळा हेच आपलं कुंपण.

17 जानेवारी

खेळण्यांचे रंगीत कॅटलॉग आले. किल्ले, जहाजं, प्राण्यांची तोंडं. समितीत दोन तास गेले, हत्ती की जिराफ.

मी ॲम्स्टरडॅमचं उदाहरण सांगितलं. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 पासून, आल्डो व्हॅन आयक या वास्तुरचनाकाराने तिथे मोकळ्या पडलेल्या जागांवर मुलांच्या खेळाच्या जागा करायला घेतल्या. पुढच्या तीसेक वर्षांत सातशेहून जास्त झाल्या. त्यात काय असायचं? वाळूचा हौद, लोखंडी कमानी, उड्या मारायला सिमेंटचे गोल ठोकळे, चार बाक. हत्ती एकही नाही. कमान ही कमानच असते म्हणून तिची गुहा होते, दुकान होतं, उलटं लटकायची जागा होते. हत्तीचा मात्र हत्तीच राहतो.

ठरलं: कमानी, सिंगल बार, डबल बार, झोके, एक घसरगुंडी, वाळू. गावातलाच वेल्डर करेल. बिघडलं तर तोच दुरुस्त करेल, हा मुद्दा सगळ्यांना पटला. जिराफवाले काका नाराज आहेत.

25 जानेवारी

वेल्डरदादांच्या शेडमध्ये दिवस गेला. प्लायवुडच्या दोन चकत्या कापून नेल्या होत्या, एक 89 मिलीमीटरची, एक 230ची. नियम सोपा: कुठलीही फट एक तर 89पेक्षा कमी हवी, नाहीतर 230पेक्षा जास्त. मधल्या मापाच्या फटीत लहान मुलाचं अंग सरकतं आणि डोकं अडकतं. पाय आधी घालून घसरणारं मूल अशाच फटीत मानेवर लटकतं.

दादांनी शिडीच्या पायऱ्या 15 सेंटिमीटरवर लावल्या होत्या, "पोरांची पावलं लहान म्हणून." लहान चकती सुळकन आत गेली, मोठी अडली. त्यांनी ती हातात घेऊन पाच-सहा वेळा फिरवून बघितली, मग स्वतःच्या घरच्या गॅलरीच्या कठड्याचं माप घ्यायला चकत्या घेऊन गेले. अर्ध्या तासाने आले. ग्राइंडर लावला आणि पायऱ्या कापल्या. कठड्याबद्दल बोलले नाहीत.

आणखी: बोल्टची टोकं बाहेर नकोत, टोप्या लावायच्या. नायलॉनचे नट, म्हणजे लोखंडीच पण आत नायलॉनची कडी असलेले; साधा नट झोक्याच्या हिसक्यांनी सुटतो. घसरगुंडीच्या वरच्या टोकाला पत्रा आणि कठडा यांच्यामध्ये इंग्रजी व्हीसारखी खाच राहते, ती वेल्डने भरून काढायची. जॅकेटची नाडी किंवा ओढणीचं टोक त्यात अडकलं तर मूल खाली जातं आणि गळा वर राहतो. पाइपांची तोंडं बंद, नाहीतर आत पाणी आणि गांधीलमाशा. रेड ऑक्साइडचे दोन हात, मग रंग. जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर, आणि काँक्रीटचा माथा उतरता, खांबाशी पाणी उभं राहू नये असा. जुन्या खांबाचा वाकलेला बुंधा मी दाखवायला नेला होता. तो त्यांनी शेडच्या दाराशी टांगून ठेवलाय.

7 फेब्रुवारी

घसरगुंडीचं तोंड उत्तरेला. दक्षिणेला किंवा पश्चिमेला केलं की पत्रा दुपारभर सूर्याकडे बघत बसतो आणि भाजतो. दुपारी तीनला कडुनिंबाची सावली कुठे पोहोचते ते आठवडाभर खुंट्या ठोकून बघितलं होतं, तिथेच बसवली. लाल सुतळीच्या बाहेर, हे सांगायला नको.

16 फेब्रुवारी

वाळू आली. झोका आणि घसरगुंडीखाली: युरोपातल्या मानकाप्रमाणे दोन मीटरपर्यंतच्या पडण्याला 20 सेंटिमीटर, वर 10 सेंटिमीटर जास्त, कारण मुलांचे पाय वाळू सरकवतात. एकूण 30. खाली जाळीचं कापड, कडेला ओंडके.

18 फेब्रुवारी

वाळू परत पाठवायची आहे. मुठीत घेऊन दाबली तर लाडूसारखी वळली. ही खडी फोडल्यावर उरणारी कच आहे, भुकटी आणि टोकदार कण. बांधकामाला चांगली, म्हणूनच इथे वाईट: कण एकमेकांत रुततात. एका घमेल्यात भरून पाणी मारलं, दोन दिवस उन्हात ठेवलं आणि उलटं केलं. घमेल्याच्या आकाराचा दगड बाहेर आला. आम्हाला हवी धुतलेली, गोल दाण्यांची, जी पडणाऱ्या पायाखालून पळते.

पुरवठादार म्हणाला, "वाळू ती वाळू." घमेल्याचा दगड त्याच्या ट्रॅक्टरवर ठेवून पाठवला.

3 मार्च

बरोबर वाळू बसली. रात्रीच्या पहिल्या पाहणीत मांजर. रोज सकाळी दाताळं फिरवायचं, हे आता कामाच्या यादीत.

10 मार्च

बाक. उंची 45 सेंटिमीटर, पाठ आणि दोन्ही बाजूंना हात. शेजारच्या आजींना आणून बसवून बघितलं. बिनहाताच्या बाकावर त्या बसल्या, पण उठताना माझा दंड धरला. हाताच्या बाकावरून स्वतः उठल्या आणि म्हणाल्या, "हा ठेव. तो पोरांना दे."

तीन बाक समोरासमोर कोनात, व्हॉलीबॉलच्या अंगणाच्या आग्नेयेला, वाडीच्या दारापासून दहा पावलांवर. शाळेत ज्या जागी सगळ्यात जास्त खडे पडले होते ती जागा.

22 मार्च

मुरुमाचा उरलेला ढीग हलवायचा होता. तीन ब्रास असेल. खेळणी अजून वापरायला दिलेली नाहीत, लाल फडकी बांधलीत, आणि मुलं गेला महिनाभर त्या ढिगावर आहेत. घसरतात, बोगदे करतात, राज्यं करतात. कोपनहेगनजवळ एम्ड्रुप इथे 1943 मध्ये टाकाऊ सामानाचं पहिलं खेळाचं मैदान झालं, ते असंच. सोरेनसेन नावाच्या उद्यान-रचनाकाराला दिसलं होतं की त्याने आखलेल्या सुंदर मैदानांपेक्षा मुलं बांधकामाच्या जागी जास्त रमतात.

आम्हाला कॅटलॉग लागला, आल्डोसाहेब लागले, चकत्या लागल्या. मुलांना ढीग लागला. ढीग ठेवला. बाजूंचा उतार कमी केला, वर काळी माती, गवत लावलं. टेकाड म्हणून नकाशात घातलं, जणू आधीपासून आमच्या मनात होतं.

14 एप्रिल

स्वच्छतागृह पूर्ण. कडी आतून, दिवा, पाणी, उंचावर खिडकी. दार रस्त्याकडे नाही, बाकांकडेही नाही. वाटेवरून दिसतं पण समोर कुणी उभं राहत नाही अशा कोनात. दार तीनदा फिरवलं नकाशावर. बाकी कामांपेक्षा यावर जास्त वाद झाले आणि त्याबद्दल लिहायचा आता कंटाळा आलाय.

13 जून

पहिला मोठा पाऊस, रात्रभर. पहाटे साडेपाचला टॉर्च घेऊन गेले. गवंडीकाका आधीच तिथे, छत्री न उघडता.

मध्यभाग कोरडा म्हणता येणार नाही, पण पाणी उभं नव्हतं. वाटेवरून चरात, चरातून नैर्ऋत्येला, तिथून ओघळीत. एका जागी चूक: रॅम्पच्या तळाशी दोन बोटं पाणी, 1 मीटर लांब. बरोबर जिथे खुर्चीची चाकं उतरतात तिथे. काकांनी काठीने मातीत रेघ मारली, पाणी त्या रेघेतून वाहून गेलं, आणि ते म्हणाले, "एवढंच राहिलं होतं." उद्या तिथे पक्का चर.

वाळूच्या हौदातलं पाणी नऊपर्यंत उतरलं. टायरच्या कुंपणात मात्र पाणी साचलंय. प्रत्येक टायरला खालून छिद्रं पाडायची होती आणि सातांपैकी दोन राहिले. डासांना आठवडाभर पुरतो, आपल्याला तेवढाही वेळ नाही.

15 जून

टायर झाले. रॅम्पचा चर झाला. लाल फडकी सोडली.

21 जुलै

दुरुस्तीची वही वेगळी केली. रोज: काच, मांजर, दाताळं. आठवड्याला: नट, साखळ्या, वाळूची खोली. वाळू मोजायला खांबांवर 30 सेंटिमीटरची पांढरी रेघ मारलीय. रेघ उघडी पडली की वाळू ओढायची. महिन्याला: वेल्डच्या जागा, गंज, चर, झाडांची आळी. कुणाची पाळी ते नावासकट दारावर.

जाळी अजून लागलेली नाही. पोरांचा मोठा मला रोज वहीतली सही आठवण करून देतो.

16 ऑगस्ट

पुन्हा मोजणी, चौदा दिवस, त्याच वेळा. या वेळी मी मोजत नाही. शाळेत नकाशाबाहेर खडा ठेवणारी मुलगी मोजते. मी बसले की लोक नीट वागतात, ती बसली की कुणाचं लक्ष नसतं.

संध्याकाळी सहाला पोरं सतरा-अठरा. काही कमी झाली, ती कबड्डीच्या नावाखाली नेटच्या अंगणावर हक्क सांगायला येतात. तिथे आता दिवस वाटून दिलेत आणि दर आठवड्याला भांडण होतं. सकाळी चालणारे चौदा, त्यात आठ बाया. सगळ्या नाहीत, दोघी अजून रस्त्यानेच जातात, कारण विचारलं तर "सवय". दुपारी घसरगुंडीवर कुणी नाही, टेकाडावर नेहमी.

मोठ्या पोरींचा रकाना: 4, 6, 3, 0, 7, 5... शून्य आलं त्या दिवशी स्वच्छतागृहाला पाणी नव्हतं. तिने समासात ते लिहिलंय. मी लिहिलं नसतं, मला सुचलंच नसतं.

30 ऑगस्ट

वही परत आली. तिने स्वतःच्या मनाने एक रकाना वाढवलाय, पट्टीने रेघ मारून: "नुसत्या बसलेल्या". काल संध्याकाळी सहाला त्यात 5.

झोक्याच्या डाव्या साखळीचा वरचा नट अर्धा फेरा सैल. आवळला. नायलॉनचे आणखी सहा आणायचे. जाळी बाकी.